सांता फेचा बिशप लामी: ‘ओसाड मुलखात संस्कृती आणली’ म्हणे!

हिरवी_मिरची
पायवाट यांचा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या सांता फेवरचा लेख वाचला. फोटो छान आहेत, ‘छान’ म्हणून निघून जायचं ठरवलं होतं. पण चौथ्या परिच्छेदातलं हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना: “या ओसाड, अडाणी मुलखात एका फ्रेंच बिशपने एकहाती संस्कृती आणली. त्याच्याआधीचे मेक्सिकन पाद्री म्हणजे जुगारी, बाया ठेवणारे आणि ऐतखाऊ.” प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी त्याच राज्यातल्या अल्बुकर्कीत आठ वर्षं काढली. घरमालकिणीचं आजोळ ताओसचं. तिच्या स्वयंपाकघरात दोनच तसबिरी होत्या, एक ग्वादालुपेच्या मारियेची आणि दुसरी पाद्री मार्तिनेसची. लामीचं नाव निघालं की बाई लाटणं थांबवून खिडकीबाहेर बघायची. आठ वर्षांत एक शिवी दिली नाही, पण ते बघणं मी विसरलेले नाही.

तर ‘ओसाड’. सांता फे वसलं १६१० मध्ये, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वीस वर्षं आधी. फ्रान्सिस्कन साधू त्याच्याही आधी, १५९८ मध्ये पोचले होते. आणि तिथले मूळ रहिवासी पुएब्लो, त्यांची मातीची मजली गावं तर या सगळ्यांच्या कितीतरी आधीची. त्याच लोकांनी १६८० मध्ये उठाव करून स्पॅनिशांना बारा वर्षं हाकलून लावलं होतं. लामी आला १८५१ साली. तेव्हा तिथल्या कॅथलिकांच्या आठ-दहा पिढ्या होऊन गेल्या होत्या. त्यांना कोणती संस्कृती द्यायची राहिली होती?

आता ‘ऐतखाऊ’. आंतोनियो होसे मार्तिनेस, जन्म १७९३. तरुणपणी लग्न झालं, बायको बाळंतपणात गेली, मग हा मेक्सिकोतल्या डुरांगोला जाऊन धर्मगुरू झाला. १८२६ पासून ताओसात. शाळा काढली. न्यू मेक्सिकोत आलेला पहिला छापखाना याच्याकडे होता आणि त्यावर तो शाळेची पुस्तकं छापायचा. गरिबांकडून दशमांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) उकळू नये म्हणून मेक्सिकन राजवटीतच भांडला. अमेरिकन आल्यावर कायदेमंडळात बसला. ऐतखाऊ माणसाला एवढे उद्योग झेपतात?

आणि तुमच्या संस्कृतीवाल्या बिशपाने १८५४ साली पत्रक काढलं की जी कुटुंबं दशमांश देणार नाहीत त्यांना संस्कार मिळणार नाहीत. लग्न, बाप्तिस्मा, मयत, सगळं अडलं. मार्तिनेसनं विरोध केला. १८५६ मध्ये त्याला निलंबित केलं, पुढे बहिष्कृत केलं. म्हातारा गप्प बसला नाही, स्वतःच्या घरच्या देवघरात मिस्सा म्हणत राहिला आणि १८६७ मध्ये वारला तोवर ताओसचे बरेच लोक त्याच्याकडेच जात राहिले.

लामी कणखर होता, नाही म्हणत नाही. पण ‘एकहाती’? ‘अडाणी’? काका, असं लिहू नका हो.

पायवाट
ताई, ‘काका’ म्हणून चपराक मारलीत, आवडलं. वय एकाहत्तर, मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून पाहिलेलं जग लिहितो. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही.

पण तुम्ही अख्ख्या लेखातलं एक वाक्य उचललंत. लामीनं काय सोसलं ते तुमच्या धाग्यात एका ‘कणखर’मध्ये आटोपलं. ओव्हर्न प्रांतातल्या लांपद गावचा हा १८१४ साली जन्मलेला मुलगा. १८३९ मध्ये जिवलग मित्र माशबफबरोबर अमेरिकेला आला, ओहायोच्या जंगलात आणि पुढे केंटकीत मिळून अकरा वर्षं राबला. १८५० मध्ये बिशप केलं आणि सांगितलं, सांता फेला जा. कसं जायचं ते तुझं तू बघ. न्यू ऑर्लिन्सहून टेक्सासच्या किनाऱ्याला जाताना जहाज बुडालं, जवळजवळ सगळं सामान समुद्रात. पुढे सॅन अँटोनियोजवळ गाडीची जनावरं उधळली, उडी मारली तर पाय दुखावला, काही महिने अंथरुणावर. शेवटी १८५१ च्या ऑगस्टमध्ये सांता फेला पोचला तर तिथले धर्मगुरू म्हणतात, आम्ही तुला ओळखत नाही! आमचा बिशप डुरांगोचा! मग हा माणूस घोड्यावर बसला आणि शेकडो मैल खाली मेक्सिकोत जाऊन डुरांगोच्या बिशपाकडून कबुली घेऊन आला. मला पुण्याहून सोलापूरला रातराणीने जायचं म्हटलं तरी पाठ धरते.

शाळा म्हणाल तर १८५२ मध्ये त्यानं लोरेटोच्या सिस्टर आणल्या. निघाल्या सहा, पोचल्या चार. त्यांची प्रमुख वाटेत कॉलऱ्यानं गेली. १८५९ मध्ये मुलांची शाळा. १८६५ मध्ये सिनसिनाटीच्या सिस्टरांनी दवाखाना काढला. १८६७ मध्ये युरोपहून माणसं घेऊन येताना अर्कान्सा नदीपाशी तांड्यावर हल्ला झाला, वर कॉलरा. अठरा वर्षांची एक सिस्टर त्या माळावरच गेली. पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांनी तर सगळे मारले गेले म्हणून छापून टाकलं होतं. आणि तुम्ही मला लाटणं थांबवणारी घरमालकीण सांगताय.

हिरवी_मिरची
काका, सोसलं म्हणून बरोबर ठरतो का? आमच्या कॉलनीतल्या सेक्रेटरीनंही खूप सोसलंय.

आणि डुरांगोची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. विकार (म्हणजे डुरांगोच्या बिशपाचा तिथला प्रतिनिधी) ओर्तिस आणि बाकीच्यांनी नकार दिला तो माजानं नाही. डुरांगोच्या बिशप सुबिरियांकडूनच काही कागद आला नव्हता. खुद्द सुबिरियांना रोमहून रीतसर कळवलेलं नव्हतं! अनोळखी फ्रेंच माणूस येऊन म्हणतो मी तुमचा नवा साहेब, आणि तुमच्या जुन्या साहेबाचा फोन नाही. बँकेत होतात ना तुम्ही? दिल्या असत्या चाव्या?

पायवाट
नसत्या दिल्या.

(पण डुरांगोचा कागद आल्यावर तरी मुकाट्यानं ऐकायला हवं होतं की नको? अल्बुकर्कीच्या त्या धर्मगुरू गायेगोसचं काय? दुकान चालवायचा, जुगार खेळायचा, बाई होती घरात. हे लामीनं रचलं का?)

हिरवी_मिरची
गायेगोसबद्दल मी वकीलपत्र घेतलेलं नाही. पण पुढचंही सांगा: १८५२ मध्ये लामीनं निलंबित केलं आणि १८५३ मध्ये लोकांनी त्याच गायेगोसला निवडून वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये पाठवलं. इंग्रजीचा गंध नसताना. लोक काय म्हणत होते ते यातून कळत नाही का?

सुकेळी
वसईकर कॅथलिक आहे, त्यामुळे दोघांनाही दोन शब्द.

पहिला शब्द ‘पाद्री’. लेखात चौदा वेळा, या धाग्यात आतापर्यंत मोजायचं सोडलं. स्पॅनिशमध्ये ‘पाद्रे’ आदरानं म्हणतात, कबूल. मराठीत पाद्री म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे जुन्या सिनेमातला काळ्या झग्यातला व्हिलन येतो. आम्ही धर्मगुरू म्हणतो, फादर म्हणतो. शाळेत मला ‘ए पाव’ म्हणायचे तीच पोरं आज मोठी होऊन ‘पाद्री’ लिहितात, म्हणून जरा झोंबतं. असो.

दुसरी गोष्ट, तुम्ही हे सगळं अमेरिकेत शोधताय. मुंबईत काय झालं माहीत आहे का? इथे पादरोआदो आणि प्रोपगंडा यांचं भांडण पिढ्यान् पिढ्या चाललं. गोव्याच्या आर्चबिशपांची माणसं एकीकडे, रोमनं थेट पाठवलेले युरोपियन मिशनरी दुसरीकडे. एकाच गावात दोन सत्ता, एकाच घरात दोन भाऊ दोन चर्चांत. १८५३ मध्ये स्विस बिशप हार्टमन माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये आतून दारं लावून बसले होते आणि बाहेर गोव्याकडची मंडळी वेढा घालून. त्या सुमाराला तिकडे लामी आणि मार्तिनेस जुंपले होते. म्हणजे ही काय एका लामीच्या स्वभावाची गोष्ट नाही. रोम तेव्हा जगभर हेच करत होतं: जुन्या राजसत्तेच्या वळचणीला वाढलेले स्थानिक धर्मगुरू बाजूला सारायचे आणि आपला माणूस बसवायचा.

आणि तिसरं, हिरवी मिरची ताई, मार्तिनेसला संत करू नका. त्याला मुलं होती. धर्मगुरू झाल्यानंतरची. हे लामीचे चेलेच म्हणतात असं नाही, त्याच्या बाजूनं लिहिणारे इतिहासकारही मानतात. माझे चुलते फादर आहेत, बेचाळीस वर्षं. सणाला घरी येतात, जेवतात, एकटे परत जातात. व्रत घेतलं ते पाळायचं नसेल तर झगा उतरवून ठेवावा. हे मला सोपं वाटतं.

हिरवी_मिरची
पाद्रीबद्दल माफी. खरंच लक्षात आलं नव्हतं. यापुढे फादर.

मुलांबद्दल काय बोलू? होती. घरमालकिणीचं म्हणणं, “होती, आणि त्यानं ती टाकली नाहीत, शिकवली.” तुमच्या चुलत्यांपुढे हे तोंड वर करून म्हणायची माझी हिंमत नाही. पण १९२७ च्या त्या गाजलेल्या अमेरिकन कादंबरीत, विला कॅथरच्या ‘डेथ कम्स फॉर द आर्चबिशप’मध्ये, काय केलंय बघा. लामीचं नाव बदललं, वर मखर चढवलं. मार्तिनेसला मात्र खऱ्या नावानिशी जाडजूड लंपट खलनायक करून टाकला. काकांचं ते वाक्य तिथूनच आलंय, पैज. काका, वाचलीत ना?

पायवाट
विमानात वाचली. सुंदर आहे. पैज जिंकलात.

सडेतोड
सगळे गोल गोल बोलताय. मिशनरी म्हणजे धर्मांतर, विषय संपला. दवाखाना, शाळा ही सगळी आमिषं. इकडे आपल्या जिल्ह्यात

(पुढचा मजकूर काढला आहे. धाग्याचा विषय न्यू मेक्सिको आहे. जिल्ह्याचा नाही. — संपादक)

सुकेळी
सडेतोड, वाचून तरी या हो. लामीच्या कळपातले लोक त्याच्या आधी अडीचशे वर्षं कॅथलिक होते. आमिष दाखवायला त्यांच्याकडे बदलायचा धर्म शिल्लकच नव्हता! भांडण कॅथलिक विरुद्ध कॅथलिक आहे. यात तुम्हाला कुठे उभं करायचं तेच कळत नाही.

सडेतोड
पुएब्लो लोकांना कोणी बाटवलं मग? ते पण आधीच कॅथलिक जन्मले होते का?

सुकेळी
स्पॅनिशांनी. चाबूक घेऊन. त्याचं समर्थन मी करणार नाही आणि १६८० मध्ये काय झालं ते मिरचीताईंनी वरच लिहिलंय. पण ती चूक १८१४ साली जन्मलेल्या माणसाच्या नावावर टाकू नका. बाकी तुमचा ‘विषय संपला’ हा प्रतिसाद मी इथे नवव्यांदा वाचतोय. विषय काही संपत नाही.

चिरेबंदी
मला वाटतं तुम्ही सगळे लामीच्या खऱ्या अपराधाकडे बघतच नाही आहात. ते कॅथेड्रल.

तिथे १७१० च्या दशकातलं मातीचं चर्च होतं. कच्च्या विटांचं, वर लाकडी तुळया, त्यावर काटक्या, त्यावर माती. आमच्या सोलापूर-धाराशिवकडे याला माळवद म्हणतात. किलचन टाकायची, वर पांढरी माती, पावसाळ्याआधी वरून हात फिरवायचा. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब, फुकट. लामीला ते चिखलाचं घर वाटलं. त्याला ओव्हर्नसारखं रोमनेस्क (जुन्या युरोपीय धाटणीचं) दगडी चर्च हवं होतं. १८६९ मध्ये काम काढलं. कोनशिला आठवड्याभरात चोरीला गेली (हे मला फार आवडतं). जुन्या चर्चभोवती नव्या भिंती उभारल्या आणि मग आतलं जुनं चर्च फोडून दारातून बाहेर काढलं, राडारोडा म्हणून. एका बाजूचं ला कोंकिस्तादोराचं (मारियेच्या जुन्या मूर्तीचं) देवघर तेवढं वाचलं. पैसे संपले, मनोऱ्यांवरचे कळस कधी चढलेच नाहीत. आजही तो दर्शनी भाग टोपी विसरलेल्या माणसासारखा दिसतो.

आणि आत? गावच्या सुतारांनी पिढ्यान् पिढ्या कोरलेल्या, रंगवलेल्या लाकडी संतमूर्ती फ्रेंच धर्मगुरूंना ओबडधोबड वाटल्या. अनेक चर्चांतून त्या काढून प्लास्टरच्या गुळगुळीत मूर्ती मागवून बसवल्या. काढलेल्या मूर्ती आज संग्रहालयांत काचेआड आहेत.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे यालाच जीर्णोद्धार म्हणतात. कोकणातली कौलारू देवळं पाडा, सागवानी खांब विका, स्लॅब टाका, ग्रॅनाइट लावा, वर गुलाबी ऑइलपेंट. मूळ पाषाण विसर्जन करून संगमरवरी बाहुली आणा. लामीकडे निदान चांगले दगडफोडे होते.

खजिनदार
आमच्या ग्रामदेवतेच्या जीर्णोद्धार समितीचा मी अकरा वर्षं खजिनदार होतो. ‘गुलाबी ऑइलपेंट’ आणि ‘बाहुली’ हे शब्द मागे घ्या.

तुम्ही पुण्यात बसून माती-माती करता. गावात कौलं शाकारायला माणूस मिळतो का? वानरं दर मे महिन्यात अर्धी कौलं फोडतात. गाभाऱ्यात पाणी, वाशांना वाळवी. जमीन सारवायला पूर्वी वीस बाया यायच्या. आता वाडीत मिळून नऊ घरं उघडी आहेत आणि त्यातली चार म्हातारी. चाकरमानी गणपतीत तीन दिवस येणार, देवळात फोटो काढणार आणि विचारणार, “काय हो, एवढं जुनं देऊळ, काही करत का नाही?” केलं तर विचारणार, “काय हो, एवढं जुनं देऊळ का पाडलंत?” बिशपाची बाजू मला बरोबर कळते.

चिरेबंदी
शब्द मागे घेत नाही. बाहुलीला बाहुलीच म्हणणार.

ताओसजवळच्या रांचोस दे ताओसचं उदाहरण घ्या. सॅन फ्रान्सिस्को दे आसिसचं चर्च, मातीचंच. १९६७ मध्ये तिथल्या लोकांनाही तुमच्यासारखंच वाटलं, दरवर्षी लिंपायची कटकट नको. सिमेंटसारखा कडक गिलावा मारला. झालं काय? पाणी आत शिरलं, बाहेर पडायला वाट नाही, आतल्या विटा चिखल व्हायला लागल्या. १९७९ मध्ये सगळा गिलावा खरवडून पुन्हा माती लावली. आता दर जूनमध्ये गाव जमतं, माती, वाळू, पेंढा कालवतं आणि लिंपतं. माणसं मिळतात साहेब, बोलवावी लागतात.

खजिनदार
तिकडे बोलावल्यावर फोटोग्राफर येतात. आमच्याकडे फणस यायच्या आधी कोणी येत नाही.

आणि एक विचारतो, तुम्ही स्वतः कुठे राहता? माळवदात?

चिरेबंदी
चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे. कळला टोमणा.

पण ऐका आता. बार्शीजवळ आजीचं माळवदाचं घर होतं. २००३ मध्ये काकांनी ‘पक्कं’ करायचं म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर कोबा केला. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला सगळं येत होतं. सहा वर्षांत मागची भिंत आतून भुसभुशीत होऊन रात्री बसली. आजी पुढच्या खोलीत झोपली होती म्हणून वाचली. ती मला एकच म्हणाली, “भिंतीचं नाक दाबलंस रं.” मी यात शिकलो ते त्यानंतर. त्यामुळे हे माझं पुण्यात बसून सुचलेलं तत्त्वज्ञान नाही.

खजिनदार
आजी वाचल्या हे बरं झालं.

हिरवी_मिरची
मंडळी, लामी! लामी आठवतोय का कोणाला? मी फादर मार्तिनेसबद्दल धागा काढला होता, कौलांबद्दल नाही.

रंधा
मिरचीताई, जरा आणखी भरकटू द्या. मी सुताराच्या घरातला. सांता फेला लामीच्याच काळात लोरेटोचं चॅपल बांधलं, १८७८ ला पुरं झालं, आणि माळ्यावर जायला जिनाच नाही! मग म्हणे सिस्टरांनी नऊ दिवस प्रार्थना केली, गाढव घेऊन एक अनोळखी सुतार आला, मधला खांब नसलेला, दोन पूर्ण वळसे घेणारा तेहतीस पायऱ्यांचा जिना बांधून मजुरी न घेता गायब झाला. संत जोसेफच होता म्हणे.

मला सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट म्हणजे सुतार मजुरी न घेता गायब झाला. माझ्या वडलांच्या बाबतीत असा चमत्कार तीनदा घडला, एकदा तर एका बड्या बंगल्याच्या जिन्यालाच. पुढे संशोधनात नाव निघालं: रोशास नावाचा फ्रेंच सुतार. १८९५ मध्ये त्याच्या मृत्यूच्या बातमीत जिना त्यानं केला असं छापलंय. म्हणजे माणूस होता, नाव होतं, हात होता. पण तिकिटावर अजून ‘चमत्कारी जिना’. कारागिराचं नाव पुसून देवाच्या खात्यावर जमा करायचं.

सुकेळी
मनापासून हसलो. पण एक सांगतो, संत जोसेफ हा आमच्यात कामगारांचा संत. सुताराचं काम त्याच्या नावावर लागलं तर आमच्या दृष्टीनं ती बढती असते.

रंधा
बढती मिळाली, पगार नाही. ओळखीचं आहे.

पायवाट
मी दोन दिवस गप्प होतो कारण मुलानं मला पुन्हा सांता फेला नेलं. (खोटं. डोळ्यात थेंब घातले होते.)

मिरचीताई, मी लेखातलं ‘ओसाड, अडाणी’ काढलं आहे. ‘एकहाती’ काढलं आहे. ‘ऐतखाऊ’ काढून ‘मेक्सिकन’च्या आधी ‘काही’ असा शब्द घातला आहे, तो तुम्हाला पुरणार नाही हे माहीत आहे. बाकीचा लेख तसाच राहील. कारण तुम्ही, सुकेळी आणि ते भिंतीचं नाक दाबणारे, तिघांनी मिळून लामीला असा उभा केलाय की जणू तो रोज सकाळी उठून कोणाचं काय मोडता येईल ते बघायचा. त्याच्या आधी १७६० पासून १८३३ पर्यंत, त्र्याहत्तर वर्षं, एकही बिशप त्या मुलखात फिरकला नव्हता हो! त्र्याहत्तर वर्षं! कोणाचं दृढीकरण नाही (तो संस्कार बिशपाच्या हातचा), नवे धर्मगुरू घडवायचे तर डुरांगो गाठा. हा निदान आला आणि सदतीस वर्षं राहिला. १८८५ मध्ये निवृत्त झाला तेव्हाही फ्रान्सला परत गेला नाही. गावाबाहेर टेकडीवर छोटं घर, देवघर आणि फळझाडं. ती झाडं त्यानं लांबून गाड्यांवरून आणवून जगवली होती. १८८८ च्या फेब्रुवारीत सांता फेतच गेला. जायचं असतं तर गेला असता.

हिरवी_मिरची
त्र्याहत्तर वर्षं हा मुद्दा खरा आहे. मला माहीत होता आणि मी मुद्दाम लिहिला नव्हता. खूश?

पण त्याच त्र्याहत्तर वर्षांत बिशप नसताना गावं कोणी धरून ठेवली? ‘अडाणी’ फादर आणि गावोगावच्या पेनितेन्ते बंधूंनी (गावातल्याच भाविकांची मंडळं). मयताला उभं राहणं, विधवेला धान्य, होली वीकची (ईस्टरआधीच्या आठवड्याची) मिरवणूक. आणि लामीनं त्या बंधूंवरही नियम लादले. जे लोक देव सांभाळून बसले होते त्यांनाच येऊन विचारलं, परवाना कुठाय?

फादर मार्तिनेसच्या थडग्यावर प्रदेशाच्या कायदेमंडळानं ‘आपल्या भूमीचा मान’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. ताओसच्या चौकात आज त्याचा पुतळा आहे. लामीचा पुतळा सांता फेला कॅथेड्रलसमोर. मधे शंभरेक किलोमीटर. बरं आहे, समोरासमोर नाहीत ते.

सुकेळी
लामीच्या नावाचं रेल्वे स्टेशनही आहे. गंमत अशी की मुख्य मार्ग सांता फेला टाळून गेला, म्हणून लांब पल्ल्याच्या गाडीनं सांता फेला जाणारे आजही लामीला उतरतात.

पायवाट
हे मला लेखात घालायला द्याल का? तुमच्या नावासकट घालतो.

सुकेळी
घाला. ‘पाद्री’ काढलात तर.

पायवाट
चौदाही काढतो. कंट्रोल-एफ नातवाला विचारून.

सडेतोड
एवढं सगळं होऊन निष्कर्ष काय?

रंधा
मजुरी आगाऊ घ्यावी.

खजिनदार
चिरेबंदी, इथे लिहायचं नव्हतं पण लिहितो. आमचे सागवानी खांब चौदा होते, केळफुलांचं कोरीव काम. समितीनं एका व्यापाऱ्याला विकले. पावती मीच फाडली. मागच्या वर्षी मुलीच्या लग्नाचं बघायला एका रिसॉर्टात गेलो तर स्वागतकक्षात दोन उभे. मी हात लावून बघितला, तिसऱ्या फुलाखाली माझ्या आजोबांनी टांगलेल्या घंटेच्या साखळीचा घासलेला चरा होता. बायकोला काही सांगितलं नाही. हॉल महाग आहे म्हणालो.

आणि स्लॅब तिसऱ्या पावसाळ्यात गळायला लागला. आता त्यावर पत्र्याची शेड घातली आहे.

चिरेबंदी
शब्द मागे घेतो. ऑइलपेंटचा. बाहुलीचा नाही.

पत्र्याखाली स्लॅबला भेगा कुठे आहेत त्याचे फोटो काढून व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि जुना सभामंडप पूर्ण पाडलात की मागची पडवी शिल्लक आहे?

खजिनदार
पडवी आहे. चार खांब तिथेच पडून आहेत, वाळवीचे म्हणून व्यापाऱ्यानं नाकारलेले.

चिरेबंदी
त्यांना हात लावू नका. मी दिवाळीनंतर येतो.